वडशाच्या नाटकांचा यंदाचा हंगाम: पार्श्वभूमी

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम भाऊबीजेपासून होळीपर्यंत चालतो. २०२५ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली, तेव्हा इथल्या बऱ्याच बांध्यांत धान उभंच होतं. यंदा, २०२६ला, अधिक ज्येष्ठामुळे भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांना हे सोयीचं आहे. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान तोवर निघतं, घरात चार पैसे येतात आणि मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या रात्री तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात उद्याची कापणी नसते. होळीही मार्च २०२७च्या शेवटच्या टप्प्यात आहे, त्यामुळे हंगाम लांबलेला नाही, नुसता पुढं सरकलाय. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या गावांनी तारखा डिसेंबर-जानेवारीतच धराव्यात, हे तिथल्या नाटक ठेवणाऱ्या मंडळांना कुणी सांगायला नको.

हंगामाची मुळं दंडारीत आहेत, खडी गंमतीत आहेत, म्हणजे इथल्या लोकनाट्यांत. मंडईला दंडार आजही उभी राहते. पुढं संगीत नाटकांच्या छापील संहिता गावोगाव पोचल्या आणि ‘तीन अंकी संगीत नाटक’ हा शब्द इथल्या पत्रकांवर कायमचा बसला. नाटकात गाणं हवंच, ही अट तेव्हापासूनची. पश्चिमेकडे संगीत नाटक ओसरलं तरी इथल्या मंचासमोर ऑर्गन आणि तबला टिकून राहिले.

खरा गुंता आहे तो ‘व्यावसायिक’ या शब्दाचा. मुंबई-पुण्यात निर्माता पैसा घालतो, नाट्यगृह घेतो, तिकीटविक्रीतून पैसा काढतो. नाटक पडलं तर निर्माता पडतो. झाडीपट्टीत कंपनी ठरलेल्या रकमेला नाटक गावच्या मंडळाला देते. नट, नट्या, वादक, पडदे, दिवे, माइक सगळं त्या रकमेत येतं. शामियाना, खुर्च्या, परवानग्या, तिकीटविक्री आणि कलावंतांचं जेवण मंडळाकडे. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, कंपनीची गाडी वडशाकडे निघते, आणि तोट्याचा हिशेब गावात राहतो.

सिंदेवाहीकडच्या एका गावात मी तो हिशेब होताना पाहिला आहे. शाळेच्या ओट्यावर कंदील, सतरंजीवर चुरगळलेल्या नोटा, एकीकडे खुर्चीच्या तिकिटांची अर्धुकं आणि दुसरीकडे जमिनीवर बसणाऱ्यांच्या तिकिटांची. मंडळातली पाच पोरं तीनदा मोजत होती आणि तिन्ही वेळा रक्कम कमीच भरत होती. उरलेले पैसे त्यांनी आपापल्या घरच्या धानातून भरले. पुढच्या वर्षी त्याच मंडळानं पुन्हा नाटक घेतलं.

मग व्यावसायिक कोण? पूर्वी गावातलीच पोरं नाटक बसवायची. स्त्री-भूमिकेसाठी नागपूरहून नटी यायची, ऑर्गनवाला आणि तबलजी बाहेरून यायचे, आणि पैसे तेवढ्यांनाच मिळायचे. एकाच प्रवेशात नायक फुकटात आणि नायिका मानधनावर! त्या नाटकाला हौशी म्हणायचं की व्यावसायिक, याचं उत्तर कुणी दिलं नाही, कारण गावाला ते लागत नव्हतं. पुढं वडशातल्या कंपन्यांनी अख्खा संचच पुरवायला सुरुवात केली. वडसा रेल्वेवरचं गाव, चारही जिल्ह्यांतून पोचायला सोपं. कंपन्यांचा बाजार तिथं भरला तो त्यामुळे. आता मंचावरच्या प्रत्येकाला पैसे मिळतात. पण त्यातले बरेच जण पावसाळ्यात रोवणी करतात, कुणी मास्तर आहे, कुणी मजुरी करतो.

सरकारी नाट्यस्पर्धांना हौशी आणि व्यावसायिक असे वेगळे खण आहेत, आणि झाडीपट्टीचं नाटक दोन्हींच्या मध्ये अडकतं. रात्रभराचा प्रयोग, गावाची गुंतवणूक, थोड्या तालमीवर आणि प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा राहणारा संच: हे कुठल्याच नियमावलीत नीट बसत नाही. म्हणून बोलताना त्याला सरसकट ‘लोककला’ म्हणून टाकतात. माझ्या मते हा अन्याय आहे. दंडार ही लोककला आहेच. पण इथला लेखक दरवर्षी नवी संहिता लिहितो, दारूवर लिहितो, कर्जावर लिहितो, सावत्र आईवर लिहितो, आणि गावानं ती पसंत केली तरच तिला तारखा मिळतात. याला व्यवसाय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? २०२३ साली गडचिरोलीतल्या एका ज्येष्ठ कलावंताला पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यानंतर बाहेरच्यांची नजर वळली, पण शब्दाचा गुंता सुटला नाही.

गेल्या बारा वर्षांनी या हंगामाला बरंच सोसायला लावलं. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या आणि शंकरपट, म्हणजे इथल्या बैलांच्या शर्यती, बंद झाले. दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी ज्या गावांची रीत होती तिथं पाहुण्यांना बोलवायचं निमित्तच गेलं. पाहुणे हा इथं किरकोळ विषय नाही. नाटकाच्या रात्री लेकी-जावई येतात, सोयरिकी बोलल्या जातात, घरोघरी चुली पेटलेल्या असतात. मग ८ नोव्हेंबर २०१६. भाऊबीज होऊन आठवडा झाला होता, मंडळांच्या तारखा लागलेल्या, आणि पाचशे-हजाराच्या नोटा रात्रीतून बाद. तिकीटखिडकीवर सुटे कुठून आणायचे? २०२०चा हंगाम करोनानं गिळला. हंगामाचा पैसा वर्षभर पुरवणाऱ्या कलावंतांच्या घरी तेव्हा काय झालं, हे आठवलं तरी घशात दाटून येतं.

डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. मे २०२३मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला आणि पट परतले. पटाच्या गावांच्या तारखा त्यामुळे पुन्हा जानेवारीकडे गोळा होऊ लागल्या आहेत.

यंदा तारीख ठरवताना मंडळं नाटकाच्या नावाइतकीच विचारपूस नृत्यांची करतात: मध्ये किती लावण्या, नाचणाऱ्या किती, ऑक्टोपॅड आहे का. जुने प्रेक्षक यावर चिडतात आणि मला त्यांचं पटतं. प्रवेश रंगात आलेला असताना मध्येच घातलेलं नृत्य नटाचा सूर तोडतं. पण ज्या पोरांना तोटा घरच्या धानातून भरायचा आहे, ती तरुण प्रेक्षक कशानं येईल हे विचारणारच. त्यांची कंपनीशी घासाघीस दिवाळीआधीच सुरू होते, आणि नाटक कुठलं, हा प्रश्न पुष्कळदा शेवटी येतो.