कपाळावरची खूण : क्रूस रोजच्या जगण्यात कसा आला

मराठी ख्रिस्ती माणसाकडे एकाच वस्तूसाठी दोन शब्द आहेत. मराठी बायबलमध्ये येशूला वधस्तंभावर खिळले जाते; पण वसईतल्या कॅथलिक घरात जेवणाआधी केली जाते ती क्रुसाची खूण, तिला वधस्तंभाची खूण कोणी म्हणत नाही. पहिल्या शब्दात शिक्षा ऐकू येते, तर पोर्तुगीजांच्या संगतीने आलेला दुसरा शब्द रोजच्या वापराने घरचा झाला आहे. या दोन शब्दांमधले अंतर कापायला ख्रिस्ती समाजाला काही शतके लागली.

रोमन साम्राज्यात क्रुसावरचे मरण गुलाम, बंडखोर आणि परक्यांसाठी राखलेले होते. रोमन नागरिक सहसा त्यातून सुटे. इ. स. पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सुमारे 6,000 गुलामांना असे टांगण्यात आले होते. यहुदी धर्मशास्त्रानुसार तर झाडावर टांगलेला माणूस शापित होता. त्यामुळे क्रुसावर मेलेल्या तारणाऱ्याची घोषणा यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटते, हे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्वतःच लिहिले. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 मध्ये सापडलेल्या एका भिंतीवरच्या रेखाटनात क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस असून, ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो’ अशा अर्थाची ओळ खाली खरडलेली आहे. क्रुसावरच्या येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक असे टवाळीचे असावे, याचे नवल वाटू नये. ख्रिस्ती लोक स्वतः त्या काळात मासा, जहाजाचा नांगर आणि मेंढपाळ अशीच चित्रे काढत होते.

मात्र चित्र येण्याआधी हाताची खूण आली होती. इ. स. 200 नंतरच्या पहिल्या दशकांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले आहे की घरातून निघताना आणि परतताना, कपडे आणि जोडे घालताना, स्नानाला, जेवायला बसताना, दिवे लावताना, अंथरुणावर पडताना आम्ही कपाळावर ही खूण करतो. ही यादी वाचताना देवळाचा उल्लेख कुठेच येत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भिंतीवरचा क्रूस छळाच्या काळात माणसाला पकडून देऊ शकतो. अंगठ्याने कपाळावर ओढलेली रेघ मागे काहीच ठेवत नाही.

312 मध्ये ख्रिस्ती धर्माकडे वळलेल्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या विजयानंतर चित्र पालटले. त्याच शतकात ही शिक्षा बंद झाली, आणि यरुशलेममध्ये येशूच्या कबरीच्या जागी बांधलेल्या मंदिराचे 335 मध्ये समर्पण झाले. प्रत्यक्ष क्रुसावर टांगलेली माणसे दिसेनाशी झाल्यावरच क्रूस सोन्यात घडवणे सोपे गेले असावे. वेदनेने वाकलेला येशू युरोपच्या शिल्पांत ठळकपणे दिसू लागला तो दहाव्या शतकापासून. पुढे फ्रान्सिस्कन संन्याशांनी ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती, म्हणजे येशूच्या वधस्थळाकडच्या वाटेवरचे प्रसंग आठवत एकेका स्थानी थांबून केलेली प्रार्थना, गावोगाव नेली, आणि 1731 मध्ये तिची स्थाने चौदा ठरली. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी खूण करणे सोडले आणि मूर्ती नसलेला रिकामा क्रूस ठेवला. गंमत अशी, की त्या सुधारणेला तोंड फोडणाऱ्या खुद्द मार्टिन ल्यूथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत सकाळी उठताना आणि रात्री निजताना ही खूण करायला सांगितले होते.

‘आपला वधस्तंभ उचलून मागे या’ हे येशूचे बोलणे मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी नोंदवले आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूककडे आहे. पहिल्या शतकातल्या श्रोत्याला त्यातून वधस्थळाकडे निघालेला कैदी दिसत असणार. पुढे त्याचा अर्थ आजारपण, गरिबी, संसारातला जाच निमूटपणे सोसणे असा होत गेला. या अर्थाने अनेकांना धीर दिला, तसा मार खाणाऱ्यालाच गप्प बसवायलाही तो वापरला गेला. 1980 च्या दशकात धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी मांडलेल्या दलित ईश्वरविद्येने हा अर्थ उलटवला : क्रुसावरचा येशू हाच दलित, म्हणजे मोडला गेलेला माणूस, असे तिने म्हटले.

आपल्याकडे क्रूस घराबाहेरही आला. 1896 च्या प्लेगमध्ये मुंबईत गिरगाव, वांद्रे अशा भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत लोकांनी चौकात क्रूस उभारले, आणि त्यांतले काही अजून वाहनांच्या गर्दीत उभे आहेत. येशूचा क्रूस सापडल्याच्या स्मरणाचा 3 मेचा सण रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून 1960 मध्ये वगळला गेला, पण गोव्याने तो फारसा मनावर घेतला नाही. मे महिन्यात तिथे वाटेवरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, रंग लागतो, फुले चढतात, संध्याकाळी शेजारी जमून लादिन ही सामूहिक प्रार्थना म्हणतात, आणि ते संपले की उकडलेले चणे वाटले जातात.