फॉर्म सी

भारतात परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला २४ तासांत कळवण्याचा नमुना. नोंद करण्याची जबाबदारी पाहुण्यावर नसून यजमानावर असते, आणि नेमकी हीच गोष्ट अनेक घरमालकांना ठाऊक नसते.

या बंधनाचा मूळ आधार परकीय नागरिक कायदा, १९४६ मधील कलम ७. मोबदला घेऊन मुक्कामाची सोय करणाऱ्यांना ते लागू होते. तपशील १९९२ च्या नोंदणी नियमांनी ठरवले. जुन्या कायद्यात उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद होती. १ सप्टेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ ने घेतली. मुक्कामाची जागा चालवणाऱ्यांबरोबरच शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावरही त्याने माहिती देण्याचे बंधन घातले आहे.

नोंद ऑनलाइन होते. हॉटेल, गेस्ट हाऊस, धर्मशाळा, वसतिगृह यांच्याबरोबर खासगी घरालाही त्या यंत्रणेत खाते उघडता येते. फॉर्ममध्ये पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, मुदत, भारतात आल्याची तारीख आणि भेटीचे कारण भरावे लागते. पाहुणा कुठून आला आणि इथून पुढे कुठे जाणार, हेही विचारलेले असते. एका मुक्कामाची नोंद पुढच्या मुक्कामाशी जुळवून पाहता येते ती या दोन रकान्यांमुळे. घाईत ते कसेबसे भरले, तर नोंदीचा निम्मा उपयोग तिथेच संपतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो भाडेकरू पडताळणीशी. पुण्या-मुंबईत घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. ती दिली, भाडेकराराची नोंदणीही झाली, की काम संपले असे घरमालक आणि कित्येकदा एजंटही धरून चालतात. पण पडताळणी पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार होते आणि भाडेकरू भारतीय असला तरी करावी लागते. फॉर्म सी त्याहून वेगळा. पडताळणी केली म्हणून तो टळत नाही. गोव्यात हंगामापुरती खोली देणारे आणि पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट देणारे यांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असणाऱ्याला नोंदणी कार्यालयात स्वतःची नोंद करण्यापासून सूट असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तोही परदेशी नागरिकच असतो.

नोंद राहून गेली तर त्याची झळ पाहुण्यालाही बसते. व्हिसाची मुदत वाढवताना किंवा नोंदणी कार्यालयात स्वतःची नोंद करताना राहत्या पत्त्याचा फॉर्म सी मागितला जातो. तो घरमालकाच्याच खात्यातून भरायचा असल्याने परदेशी विद्यार्थ्याला स्वतःहून काहीच करता येत नाही. अर्ज अडकला की त्याला मालकाचेच दार ठोठावावे लागते, आणि मालक परगावी असेल तर व्हिसाची मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून खोलीची किल्ली हातात घेतानाच मालकाकडून नोंदीची प्रत मागून घेणे उत्तम.