बंदुकीची दारू वाढवली म्हणून नेम लागत नाही

साताऱ्यातल्या पाटण-जावळीकडे रानडुकरांनी भुईमूग उकरला की पारावर बंदुकीचा विषय निघतो, आणि कुणीतरी हमखास सांगतं, ‘काडतुसात चिमूटभर दारू जास्त घातली की नेम चुकत नाही.’ हा समज साफ चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

परदेशातले शिकारी रायफलची काडतुसं हातानं भरतात, ती जोर वाढवायला नव्हे. प्रत्येक काडतूस अगदी सारखं व्हावं म्हणून. दारू ग्रेनमध्ये तोलतात; एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम! वजन हललं की वेग बदलतो. गोळी नळीतून सुटताक्षणी खाली यायला लागते. सेकंदाला ८०० मीटर वेगानं सुटली तरी २०० मीटरवर ती फूटभर तरी उतरलेली असते. हे उतरणं दरवेळी सारखं राहिलं, तरच नेम साधतो. जादा दारूनं नळीतला दाब वाढतो, काडतुसाची पुंगळी फाटते, बोटं आणि डोळे जातात.

शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि विनापरवानगी शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. रानडुकरांनी पीक नासवलं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तो आधी करा.