घट्ट रक्ताचं मूळ मूत्रपिंडात

नौपाड्यातल्या लॅबमधून मामांचा रिपोर्ट आला, त्यात हिमोग्लोबिन 18.9. घरात आनंदच झाला. या वयातही रक्त कसं भरलंय! डॉक्टरांना मात्र ते खटकलं: आकडा प्रमाणाबाहेर होता, म्हणजे रक्त घट्ट झालं होतं, आणि त्याची नेहमीची कारणं दिसत नव्हती. मामा सिगारेट ओढत नाहीत, फुप्फुसं ठणठणीत. जेएके-2 ही जनुकाची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेच्या आजाराची शक्यता फार कमी. मग पोटाची सोनोग्राफी केली आणि उजव्या मूत्रपिंडात गाठ दिसली. ना दुखणं, ना लघवीतून रक्त.

रक्ताचा मूत्रपिंडाशी संबंध काय, हे कळायला निम्मं शतक गेलं. 1906 साली पॅरिसमध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशांचा सीरम (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांच्या तांबड्या पेशी वाढल्याचं नोंदवलं. रक्त वाढवायचा निरोप रक्तातूनच जातो, हा त्यांचा तर्क. तो निघतो कुठून, हे 1957 मध्ये जेकबसन आणि गोल्डवासर यांनी शोधलं. उंदरांचा एकेक अवयव काढून पाहिला. मूत्रपिंडं काढली तेव्हाच निरोप थांबला. या संप्रेरकाचं नाव एरिथ्रोपोएटिन. ते शुद्ध स्वरूपात मिळायला 1977 उजाडलं, आणि त्यासाठी जपानमध्ये अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या (यात अस्थिमज्जा पुरेसं रक्त बनवत नाही) रुग्णांची 2,550 लिटर लघवी जमवावी लागली होती. या चिकाटीपुढे मी खरोखर हात जोडते.

गाठ हा निरोप का पाठवत सुटते? 1993 मध्ये व्हीएचएल हे जनुक सापडलं. पेशीला ऑक्सिजन पुरेसा मिळत असला की त्याचं प्रथिन 'हिफ' नावाच्या प्रथिनाचा निकाल लावतं. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा हेच जनुक बिघडलेलं असतं. हिफ साचतं, पेशीला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, आणि काही गाठी एरिथ्रोपोएटिन सोडत राहतात. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं.

रक्त घट्ट होणं तसं थोड्याच रुग्णांत दिसतं. याच कॅन्सरमध्ये अ‍ॅनिमिया कितीतरी जास्त आढळतो: गाठीमुळे शरीरात दाह राहतो, लोह साठ्यातच अडकून पडतं आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. प्लेटलेट्सही वाढू शकतात.

मामांची गाठ काढली. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे आकडा लगेच उतरला नाही. चौथ्या महिन्यात त्याच लॅबच्या कागदावर 14.6 आलं.