‘जो जे वांछील’: अर्धीच वाचलेली ओवी

ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानातलं ‘जो जे वांछील तो ते लाहो’ म्हणजे ज्याला जे हवं ते मिळो, हा अर्थ लग्नपत्रिकांपासून अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांपर्यंत पोचला आहे. तो अपुरा आहे. पुण्याच्या पुस्तकबाजारातून, आप्पा बळवंत चौकातून गाईड आणून मध्यवर्ती कल्पना पाठ करणाऱ्या मुलांनी आधी आख्खी ओवी वाचावी:

दुरितांचे तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जे वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥

इच्छापूर्ती तिसऱ्या चरणात येते. त्याआधी पापाचा अंधार जायला हवा, स्वधर्माचा सूर्य दिसायला हवा. आणि आपण नेमका कोणता शब्द गाळतो? प्राणिजात! मागणं सगळ्या जीवांसाठी आहे.

त्याआधीची ओवी तर मला सर्वांत मोलाची वाटते. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. इथे दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची ओढ लागावी, एवढंच मागणं आहे. मूल्यांवरच्या उत्तरात हा फरक यायलाच हवा.

आळंदी जवळ असल्याने पुण्यात आणखी एक समज आढळतो, की ज्ञानेश्वरी तिथेच सांगितली गेली. परंपरेनुसार ते स्थान नेवासे, शके 1212.