एसीचा गॅस: गेज आणि वजनकाटा

ऊन तापू लागले की गॅरेजांबाहेर ‘एसी गॅस टॉप-अप’चे फलक लागतात आणि गाडी पुरेशी गार होत नसल्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुधा ‘गॅस संपला आहे’ हेच निदान ऐकायला मिळते. हा गॅस जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरत राहतो, म्हणून तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळलेला असतो. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) एकाच वेल्ड केलेल्या डब्यात असल्याने तोच गॅस वर्षानुवर्षे पुरतो. बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, त्याचा दांडा सीलमधून बाहेर येतो आणि काही नळ्या रबरी असतात, त्यामुळे काही वर्षांत थोडी गळती स्वाभाविक आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागणे मात्र स्वाभाविक नाही.

गॅस कमी आहे हे ठरवायचे कसे, हा यातला सर्वांत रंजक प्रश्न आहे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा पदार्थ वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. बंद यंत्रणेत त्याचा काही भाग द्रव आणि काही भाग वायू अशा स्थितीत असतो, आणि जोवर द्रव शिल्लक आहे तोवर त्याचा दाब केवळ तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. एसी बंद असताना २५ अंशांना गेज (दाबमापक) साधारण ८२ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवील आणि ३५ अंशांना सुमारे ११४. मग आत पूर्ण भरणा असो वा त्याच्या निम्मा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही शेवटपर्यंत ज्योत जवळपास तशीच राहते, म्हणून उरलेला गॅस किती हे ज्योतीवरून नव्हे, वजनावरून कळते.

एसी चालू केल्यावर हाच नियम दोन टोकांना दोन तापमाने घडवतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे द्रवाचा दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेच्या, पुढे दाब ३० पीएसआयच्या आसपास उतरतो, तेव्हा द्रव साधारण १ अंशाला उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कूलिंग कॉइलवरून वाहणाऱ्या हवेतून घेतो. कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या जाळीत, दाब २०० पीएसआय असला की तोच पदार्थ ५५ अंशांच्या सुमारास पुन्हा द्रव होतो, म्हणूनच नागपूरच्या ४५ अंशांच्या हवेतही तो आपली उष्णता बाहेर टाकू शकतो. गाडीखाली ठिबकणारे पाणी म्हणजे कॉइलवर सांद्रित झालेले हवेतले बाष्प. त्याला गळती समजून घाबरण्याचे कारण नाही.

आता, एसी चालू असताना, गेज वाचता येतात. दोन्ही बाजूंचे, म्हणजे कूलिंग कॉइलकडचा खालचा आणि कंडेन्सरकडचा वरचा, दाब कमी असतील तर गळतीचा संशय घ्यावा; खालचा जास्त आणि वरचा कमी असेल तर कॉम्प्रेसर थकला असण्याची शक्यता मोठी; खालचा दाब निर्वातापर्यंत उतरत असेल तर व्हॉल्व्ह तुंबला आहे किंवा आत शिरलेला ओलावा तिथे गोठतो आहे. गाडी धावताना गार आणि सिग्नलला कोमट होत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा. झोत मुळातच क्षीण असेल, तर दोष बहुधा केबिन फिल्टरचा (गाडीच्या आत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीचा) असतो.

अंदाजाने जादा भरलेला गॅस उलट त्रासदायक ठरतो, कारण जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये साचून वायूला द्रव होण्यासाठी लागणारी जागाच अडवतो, दाब चढतो आणि गारवा घटतो. ‘कूलिंग वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांचा भर जाहिरातीवर असतो, वजनावर नसतो. योग्य भरणा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. त्यासाठी जुना गॅस यंत्राने काढून मोजावा, गळती शोधून दुरुस्त करावी, व्हॅक्यूम करून ओलावा घालवावा आणि मगच तोलून भरावे. स्टिकरवर ५०० ग्रॅम असताना ४८० ग्रॅम बाहेर निघाले, तर गॅसचे बिल देण्याआधी मेकॅनिकला पंखा आणि कॉम्प्रेसर तपासायला सांगावे.