लाल बावटा धरला की देव्हारा उचलावा लागतो?

चतुर्थी जवळ आली की कोकणात हे हमखास फिरतं: 'कम्युनिस्टांना गणपती चालत नाही, पक्षात जायचं तर आधी देव सोडा.' सोबत मार्क्सचं 'धर्म ही लोकांची अफू' असतंच.

अफूचं वाक्य खरं, १८४४ चं. पण तिथेच त्याने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हटलंय. ते कुणी फॉरवर्ड करत नाही. लेनिन पक्का नास्तिक, तरी १९०५ मध्ये त्याने लिहिलं की पक्षाच्या कार्यक्रमात नास्तिकता घालायची नाही आणि श्रद्धाळू कामगाराला दार बंद करायचं नाही. (पुढे सोव्हिएत राजवटीने चर्च बंद पाडली, पाद्र्यांना तुरुंगात टाकलं. लोकांची भीती अगदीच हवेतली नाही.)

आपल्याकडचं बघा. १९२८ चा मुंबईचा सहा महिन्यांचा गिरणी संप लाल बावट्याचा, आणि गिरण्यांत रत्नागिरीकरांचा भरणा मोठा. हेच चाकरमानी चतुर्थीला गावी येऊन गणपतीवर टांगायची माटवी सजवत, रात्री भजनाला बसत. युनियनची पावती फाडताना 'देव मानतोस का' असं विचारलं असतं, तर संप आठवडाभरही टिकला नसता, असं माझं मत.

पालखीला खांदा कुणी द्यायचा, देवस्थानची जमीन कसतो कोण आणि खातो कोण, हे मात्र डाव्यांनी जरूर विचारावं. तिथे माळकरी कूळसुद्धा त्यांच्या बाजूने बोलेल.